दोनशे बारा घोड्यांचा एकच फोटो

आदरणीय जेज्दे एर्मेक यांस,

आपल्या बायकोच्या सगळ्यात धाकट्या आणि (आपल्याच शब्दांत) सगळ्यात तोंडाळ बहिणीचा, म्हणजे बेगाइमचा, छातीवर हात ठेवून सलाम. जनावरं सुखरूप आहेत ना? आणि माणसं? (रीतीप्रमाणे जनावरं आधी विचारली. माझ्या थोरल्या बहिणीला, एजेला, राग आला तर तिला सांगा की तिची चौकशी मी वेगळ्या वाक्यात करतेय.) एजेची कंबर कशी आहे? घोड्या पिळताना अजून एका गुडघ्यावर टेकून बसते की आता तुम्हालाच बसवते? यंदाचं घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं किमिज कसं उतरलंय? ट्रकवाला जुमाश म्हणतो, वर कुरणावर अजून ओढ्याकाठी बर्फ आहे आणि फोन तर टेकडीवर चढूनही लागत नाही. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतेय. तो वाटेत उघडून वाचेल, हे गृहीत धरलंय. जुमाश, वाचून झालं की नीट घडी घाल.

मागच्या खेपेला तुम्ही पाहुण्यांनी भरलेल्या जेवणाच्या दस्तरखानासमोर मला विचारलंत, "बाई गं, त्या पशुसंवर्धन कार्यालयात दिवसभर खुर्ची तापवून तू नेमकं करतेस तरी काय?" तेव्हा माझ्या तोंडात तळलेला बोरसोक होता, त्यामुळे उत्तर राहिलं. ते आता देते. थोडं लांबेल, पण तुम्हाला तिथे मेंढ्या मोजण्यापलीकडे दुसरं काम नाही, हे एजेनंच मला सांगितलंय.

फेब्रुवारीमध्ये वरून आदेश आला की जिल्ह्यातल्या प्रत्येक पैदाशीच्या घोड्याची नोंद यापुढे संगणकावर व्हायला हवी, फोटोसकट, आणि कागद पूर्ण बंद. (कागद बंद करण्याचा हा आदेश सात पानी होता आणि त्याच्या अकरा प्रती आल्या.) आमचे साहेब तुर्दाकुन इशेनोविच यांनी मला बोलावलं. ते खिडकीशी उभं राहून बोलतात, म्हणजे खाली उभा केलेला स्वतःचा घोडा दिसतो आणि खोलीतला माणूस दिसत नाही. म्हणाले, "बेगाइम, काम पूर्ण झालं असं मी वर कळवलंय. आता तू सुरुवात कर."

काम ऐकायला सोपं होतं. लोकांनी फोनवरून आपल्या घोड्याचा फोटो पाठवायचा आणि आमच्या सर्व्हरनं तो नीट घेऊन जागेवर ठेवायचा. (सर्व्हर म्हणजे दप्तरखान्यात शेगडीशेजारी ठेवलेला जुना संगणक. झाडणारी बाई त्याच्यावर रोज हातमोजे वाळत घालते, कारण तो शेगडीपेक्षा गरम असतो.) पण जेज्दे, परक्याच्या हातची वस्तू घरात घेणं किती अवघड असतं, ते मला त्या तीन आठवड्यांत कळलं. अर्ज तयार करताना एक बारीकशी सूचना लिहावी लागते, की या अर्जातून फाइलसुद्धा येणार आहे. ती लिहायची राहिली तर फाइल येत नाही, नुसतं तिचं नाव येतं. माझी राहिली. पहिल्या आठवड्यात एकसष्ट घोडे असे नुसत्या नावानिशी दाखल झाले. साहेबांनी एकसष्ट हा आकडा लाल शाईनं भिंतीवर लिहिला. मी म्हटलं, साहेब, घोडा एकही आलेला नाही, फक्त नावं आलीत. तर म्हणाले, "आपल्या कार्यालयात आजवर दुसरं काय आलंय?"

ती सूचना घातली. मग घोडे यायला लागले, पण निम्मेच. कारण एका फोटोचा आकार किती असावा याची मर्यादा मी फार आवळून ठेवली होती. आणि आजकालचा फोन म्हणजे आयाळीतला केसन् केस टिपतो, त्यामुळे जितका फोन चांगला तितका फोटो अवजड. मर्यादेबाहेरचा फोटो सर्व्हर गुपचूप फेकून द्यायचा आणि पाठवणाऱ्याला हिरव्या अक्षरांत सांगायचा, "धन्यवाद, आपला घोडा मिळाला." (हे हिरवं वाक्य साहेबांच्या आग्रहाचं. सरकारी पडद्यावर 'नाही' हा शब्द शोभत नाही, असं त्यांचं मत आहे.) शेवटी वरच्या खोऱ्यातला एक म्हातारा दोन दिवसांची वाट तुडवत घोड्यावरूनच आला, घोडा थेट कार्यालयाच्या पायऱ्यांवर चढवला, आणि खिडकीतून मला म्हणाला, "ए पोरी, सहा वेळा पाठवला, सहा वेळा धन्यवाद म्हणालीस, आणि यादीत नाव नाही. आता हा अख्खा घे आणि कुठे बसवायचा तो बसव." मी मर्यादा वाढवली. घोडा पायऱ्या उतरायला तयार होईना. त्याला उतरवायला चार कारकून लागले. त्या दिवसाचं कार्यालयाचं काम म्हणजे तेवढंच.

यानंतरची चूक मात्र माझी एकटीची नाही, अर्धी साहेबांची आहे, आणि मी तीच सांगायला बसलेय. लोक फाइलींना वाटेल ती नावं देतात. कुणी बायकोचं नाव देतं, कुणी शिवी देतं. साहेबांना हे अशिस्त वाटलं. त्यांनी जिल्हाभर फलक लावले: 'फोटोच्या फाइलला "घोडा" हेच नाव द्यावे. अन्य नाव आढळल्यास अर्ज बाद.' आणि माझा प्रोग्राम काय करायचा? पाठवणाऱ्यानं दिलेल्या नावानंच फाइल ठेवायचा. या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात की बाहेरून आलेल्या फाइलवर विश्वास ठेवू नये, तिनं आपलं सांगितलेलं नाव मानू नये, आपण तिला आपलं नवं नाव द्यावं. मी त्या दिवशी वर्गात होते. शपथेवर सांगते, होते. तरीही विसरले. त्यामुळे नवा 'घोडा' आला की जुना 'घोडा' पुसला जाऊन त्या जागी नवा बसायचा. असे दोनशे बारा घोडे आले. शेवटचा आला तो साहेबांचा लाडका सुलतान: तांबडा, गलेलठ्ठ, कपाळावर पांढरा पट्टा, आणि चार वर्षांपूर्वी खच्ची केलेला. दोनशे बारा नोंदींपैकी कुठलीही उघडा, वर मालकाचं नाव वेगळं, घोड्याचं नाव वेगळं, वय वेगळं, आणि खाली सुलतान.

मला हे कळलं ते प्रदेशाचं कमिशन आलं तेव्हाच, आणि तेही सगळ्यांच्या देखत. तिघे होते, तिघांच्याही डोक्यावर नव्या कोऱ्या पांढऱ्या टोप्या. अध्यक्षांनी एक नोंद उघडली. सुलतान. दुसरी उघडली. सुलतान. दहावी उघडून झाल्यावर ते मागे टेकले, चष्मा काढला आणि साहेबांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुर्दाकुन इशेनोविच, तीस वर्षं मी घोडे पाहतोय. एका जिल्ह्यात जातीची इतकी शुद्धता मी बघितली नव्हती! रंग एक, पट्टा एक, अहो उभं राहण्याची ढबसुद्धा एक!" दुसऱ्या सदस्यांनी दोरखंडाकडे बोट दाखवलं, "आणि दावंही एकसारखं. याला म्हणतात शिस्त." आमचे पशुवैद्य मामितबाय बिचारे कोपऱ्यात उभे होते. ते हळूच म्हणाले, "पण हे सगळे खच्ची केलेले दिसतात. मग पुढची पिढी येणार कुठून?" त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. जेवणात अख्खं मेंढरू होतं. साहेबांना सोनेरी कडांचं प्रशस्तिपत्र मिळालं आणि अहवाल त्याच दिवशी राजधानीला गेला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "हे तू दुरुस्त केलंस तर घोडे वेगवेगळे दिसतील?" मी म्हटलं, "हो." म्हणाले, "मग बिघडवू नकोस."

आणि मी नाही बिघडवलं, जेज्दे. इथे तुम्ही मला हवं ते बोला. चार आठवडे मी मान खाली घालून चहा प्यायले, आणि सुलतान पुसला जाऊ नये म्हणून साहेबांनी नवे फोटो घेणं बंद करवलं तेही बघत बसले.

मग सायराकान आपा आल्या. पुलाजवळच्या, एकट्या राहतात त्या. त्यांची एकच घोडी, करडी, डावा कान फाटलेला. तिच्या दुधावर त्यांचा उन्हाळा निघतो. ती घोडी मे महिन्यात चोरीला गेली आणि परवा शेजारच्या जिल्ह्याच्या गुरांच्या बाजारात सापडली. ज्याच्याकडे सापडली तो म्हणतो, माझीच आहे, आणि त्यानं तिकडच्या नोंदवहीत तिचा फोटोही चढवलाय. पोलिसांनी घोडी आवारात बांधली आणि आपांना सांगितलं, तुमच्या जिल्ह्याच्या नोंदीतला फोटो शुक्रवारपर्यंत आणा, नाहीतर ती त्याची. आपांच्या फोनमधले फोटो फोनबरोबर ओढ्यात गेलेले. पण त्यांना काळजी नव्हती. त्या चालत आल्या, माझ्यासमोर बसल्या, झब्ब्याच्या खिशातून कुरुताचा, वाळवलेल्या दह्याचा, खडा काढून मला दिला आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे दिलाय ना गं फोटो मार्चमध्ये. तेव्हाच म्हटलं, सरकारकडे ठेवलेलं बरं. तेवढा काढून दे."

मी नोंद उघडली. वर 'सायराकान, करडी घोडी, वय नऊ', आणि खाली सुलतान. आपांनी चष्मा लावला, पडद्याजवळ वाकल्या, बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "बाळा, ही घोडी नाही." तो कुरुताचा खडा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मी तशीच साहेबांकडे गेले. म्हणाले, "चूक मान्य केली तर प्रशस्तिपत्र परत करावं लागेल. म्हातारीला म्हणावं, दुसरी घोडी बघ." तेव्हा मात्र, जेज्दे, माझ्यात आमच्या आजीचं रक्त उसळलं. मी टेबलावर हात आपटून सांगितलं, "तुर्दाकुन इशेनोविच, हे कार्यालय लोकांच्या घोड्यांसाठी आहे, तुमच्या एका घोड्यासाठी नाही! फोटो मी हरवलाय, मीच शोधून काढीन, आणि कुणी आडवं आलं तर राजधानीला पत्र लिहीन!" ते पांढरेफटक पडले.

मग दप्तरखान्यात गेले, हातमोजे बाजूला केले आणि सर्व्हरसमोर मांडी ठोकली. बाहेरून येणारी फाइल सर्व्हर आधी एका तात्पुरत्या कोपऱ्यात उतरवून घेतो, वाटेल ती आकड्यांची नावं देऊन. मग प्रोग्राम तिथून तिला जागेवर नेतो आणि कोपरा झाडून टाकतो. म्हणजे, झाडायला हवा. माझा प्रोग्राम प्रत न्यायचा आणि झाडायचाच नाही. झाडण्याची ती ओळ मी लिहिलीच नव्हती. (एजे म्हणते तेच खरं, मी कुठेही झाडत नाही.) कोपऱ्यात सगळे घोडे उभे होते! चारशेहून जास्त, कारण नेटवर्क मंद असलं की लोक बटण पाच-पाच वेळा दाबतात. करडेही त्यांत बावीस. पण कुठला कुणाचा, याची खूण कुठेच नव्हती. आणि चोराच्या फोटोपुढे माझा अंदाज पोलीस कशाला मानतील?

म्हणून गुरुवारी दुपारी आम्ही संस्कृती भवनाचे पडदे ओढून घेतले, मामितबायनी शाळेतून प्रोजेक्टर आणला, आणि मी गावात निरोप धाडला की ज्याचा घोडा आहे त्यानं येऊन ओळखावा. साहेबांना आम्ही विचारलं नाही. ते जेवायला गेले होते. वाटलं होतं पंधरावीस जण येतील. साडेतीनशे आले, सोबत बोरसोक, चहा, सूर्यफुलाच्या बिया. जेज्दे, लग्नातसुद्धा इतकी मजा येत नाही! एक घोडा पडद्यावर आला की मागून आरोळी, "माझा!" की डावीकडून, "तुझा कसा? पाय बघ, तुझ्याचे पाय चहाच्या पितळी समोवरासारखे वाकडे!" दोन भाऊ एकाच शिंगरावरून हमरीतुमरीवर आले, मग कळलं की शिंगरू तिसऱ्याचंच होतं. एकानं घोडा म्हणून मोटरसायकल पाठवली होती आणि तो मागे हटायला तयार नव्हता: "मी हिच्यावरच बसतो, हिलाच चारतो, नोंदव!" एक फाइल स्वतःला फोटो म्हणवत होती आणि उघडल्यावर निघालं चाळीस मिनिटांचं लग्नातलं गाणं. (माझा प्रोग्राम प्रत्येक फाइलला विचारायचा, तू फोटो आहेस का, आणि ती हो म्हणाली की आत घ्यायचा. आत बघायचाच नाही. नवऱ्यामुलाच्या बाबतीतही आपल्याकडे हीच पद्धत आहे.) लोकांनी ते सगळं ऐकूनच पुढे जाऊ दिलं.

सायराकान आपा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या. करडी घोडी आली की मी त्यांच्याकडे बघायची, त्या मान हलवायच्या. एकोणीस झाल्या. विसावी आली, आणि डावा कान फाटलेला. आपा ओरडल्या नाहीत. उठल्या, पडद्यापाशी गेल्या, त्यांची सावली घोडीवर पडली, तर सावली बाजूला व्हावी म्हणून थोड्या सरकल्या, आणि पडद्यावरच्या मानेवर हात ठेवून म्हणाल्या, "आली बाई माझी." बिया सोलणंसुद्धा थांबलं. फोटोच्या पोटात तो कधी काढला त्याची तारीख असते. ती मार्चची निघाली. त्या दुसऱ्या माणसाचा फोटो होता मेअखेरचा. आमचे पोलीस इन्स्पेक्टरही तिथेच बसले होते (त्यांचीही घोडी होती ना त्यांत, अठ्ठ्याऐंशीव्या फोटोत). त्यांनी तिथल्या तिथे कागद लिहिला, आणि शुक्रवारी घोडी घरी आली. आपांनी मला किमिजाची बुधली पाठवली. ती मी कार्यालयात कुणालाही न देता संपवली.

आता प्रत्येक फाइलला माझा प्रोग्राम स्वतःच वेगळं नाव देतो, आत काय आहे ते उघडून बघतो, फोटो मोठा असला तर तसं तोंडावर सांगतो, आणि कोपरा झाडतो. साहेबांनी त्या गुरुवारला 'प्रत्यक्ष लोकपडताळणी दिन' असं नाव देऊन वर कळवलं. त्यांना दुसरं प्रशस्तिपत्र मिळालं. मला लेखी ताकीद मिळाली, परवानगीशिवाय पडदे ओढल्याबद्दल.

तर दिवसभर खुर्चीवर बसून मी हे करते. एजेला माझ्याकडून एक घट्ट मिठी, शेजारच्या यर्टच्या तंबूतल्या म्हाताऱ्यांना सलाम, आणि तुम्हाला भरपूर गवत, थोडे लांडगे.

आपली धाकटी मेहुणी (बाल्दीज),
बेगाइम

ता. क. टेबलावर हात आपटून जे बोलले म्हणून वर लिहिलंय, ते बोलले खरी, पण साहेब घोड्यावर बसून गेल्यावर, जिन्यात. ऐकायला मामितबाय होते. पांढरेफटक तेच पडले. एजेला मात्र वरचाच मजकूर वाचून दाखवा.

ता. क. दुसरा. एक लहानशी अडचण आहे. कमिशनचा पहिला अहवाल राजधानीत फार आवडला. एकदा गेलेला अहवाल बदलता येत नाही, फक्त त्याला साजेसे घोडे दाखवता येतात. येत्या रविवारी राजधानीचे पाहुणे तो 'शुद्ध तांबडा कळप' डोळ्यांनी बघायला निघालेत. वरच्या कुरणावर एर्मेक नावाच्या माणसाकडे एकाच रंगाचे वीस तांबडे घोडे आहेत, हे साहेबांना कुणीतरी सांगितलंय. कुणी सांगितलं ते विचारू नका. विषय निघाला होता, माझी ताकीद अजून फाइलला लागली नव्हती, म्हणजे टळण्यासारखी होती, आणि माझं तोंड तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा हात जोडून विनंती, की शनिवारच्या आत यर्ट गुंडाळा आणि घोडे, मेंढ्या, एजे सगळं घेऊन खिंडीपलीकडच्या दरीत जा. मी इथे सांगेन की यंदा गवत लवकर संपलं.

ता. क. तिसरा. जुमाशकडे साहेबांचंही एक पत्र आहे, आणि त्याबरोबर पांढऱ्या रंगाचा डबा आणि एक ब्रश, कपाळांसाठी. पत्र घेऊ नका, भेट झाली नाही म्हणून परत धाडा. डबा ठेवून घ्या. चांगल्या प्रतीचा आहे, एजेच्या हिवाळी घराच्या खिडक्यांना पुरेल.